कासारणीचा उजवा हात

माझा उजवा हात चार वर्षं दुखत होता. थोडाथोडका नाही. खांद्यापासून करंगळीपर्यंत, ओलं फडकं पिळावं तसा कुणीतरी आतून पिळतंय असं वाटायचं. आणि मी कोण, तर कासारीण. कल्याणात बाजारातल्या आतल्या गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी जुन्नरहून येऊन थाटलेलं. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड अलगद आत दाबायचं आणि काचेची बांगडी न चरचरता मनगटावर उतरवायची, हे माझं काम. हातच गेला तर मी कसली कासारीण, डबे पुसणारी म्हातारी नुसती.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणाला धक्का बसायला नको. दुकानात माझी नणंद नंदा मदतीला असते, मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं खातं तिच्याकडे. माझ्याकडे हात भरायचं. गेल्या चार वर्षांत मात्र बहुतेक वन्संनीच दोन्ही सांभाळलं, आणि हिरव्या चुड्याला नवरी आली की, ते वन्संना जमत नाही म्हणून, मी तिला सरळ शेजारच्या दुकानात पाठवायचे. लग्नसराईत कासाराने नवरी परत पाठवायची म्हणजे देवळाच्या दारातून लक्ष्मी हाकलण्यातला प्रकार. पण हातच उचलत नव्हता.

घर आमचं शहाडला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. घरात दोघीच. मी आणि माझी सून रसिका. आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा सुदेश चार वर्षांमागे गेला, चैत्रात, मुरबाड रोडला, मोटारसायकलवर. त्याचं पुढे सांगते. एकदम नाही सांगवत.

रसिका डोंबिवलीला एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. म्हणजे दोघींचा धंदा हातांचाच, ती शीर शोधते, मी हाड. सुदेश गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी तिला आंबिवलीला न्यायचं केलं होतं. शहाडहून एकच तर स्टेशन. ती गेली नाही. म्हणाली, आईंना एकटं कसं टाकू. माझा हात दुखायला लागला तेव्हापासून सकाळी उठून ती माझे केस विंचरायची, अंबाडा घालून द्यायची, मग डबा भरून कामाला पळायची. संध्याकाळी आली की चहाच्या आधी तेलाची वाटी. माझा हात मांडीवर घ्यायची आणि अर्धा तास चोळायची. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, शालूबाई, नशीब काढलंत हो, पोटची पोरगी करणार नाही इतकं करते. मी हं म्हणायचे आणि जिना चढायला लागायचे.

औषधं काय कमी केली? लेप लावले, शेक घेतले, मानेला पट्टा लावून दोन महिने बैलासारखी फिरले, खांद्यात इंजेक्शन टोचून घेतलं. एक्सरे झाला, एमआरआय झाला, त्या बोगद्यात अर्धा तास जिवाचं पाणी करून पडून राहिले. रिपोर्ट स्वच्छ. शेवटी आमचे शहाडचे हरिहर डॉक्टर म्हणाले की शालूबाई, मला समजत नाही, हे कबूल करतो. तुम्ही कल्याणला शिवानीकडे जा, ती फिजिओ आहे पण नुसते व्यायाम देत नाही, ऐकून घेते.

ही शिवानी असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. पहिल्या दिवशी तिने मला भिंत ढकलायला लावली, पाच किलोचं वजन उचलायला लावलं, रबराची पट्टी ओढायला लावली. मी सगळं केलं. हात दुखला नाही. मलाच लाज वाटली, डॉक्टरसमोर हात हमखास शहाणा होतो. तिने मला एक वही दिली आणि सांगितलं की पंधरा दिवस लिहायचं, हात कधी दुखतो आणि तेव्हा मी काय करत असते. मी म्हटलं, बाई, मी बारावी पास आहे, निबंध लिहायला आले नाही. ती हसली आणि वही माझ्या पिशवीत टाकली.

लिहिलं मी. डाव्या हाताने नाही, उजव्यानेच. पिंप भरलं, बारा बादल्या, नाही दुखला. नारळ फोडला, नाही दुखला. एका शाळकरी मुलीला मेटलच्या बांगड्या भरल्या, नाही दुखला. एक नवरी आली, मी नुसता हिरव्या बांगड्यांचा डबा खाली काढला, तर खांद्यातून कळ निघाली. आणि रोज संध्याकाळी, साडेसात ते आठ, रसिका तेल लावते तेव्हा, दुखला, दुखला, दुखला. पंधराच्या पंधरा दिवस माझ्याच अक्षरात.

शिवानीने पानं उलटली. तिने बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. तेल लावल्यावर दुखणं कमी व्हायला हवं काकू, तुमचं वाढतं, तेल कोण लावतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सून. बरं लावत नाही का? मी म्हटलं, तिच्यासारखं कुणी लावत नाही. मग तिने मला पुढच्या वेळी बांगड्या घेऊन यायला सांगितलं.

पुढच्या वेळी तिने स्वतःचा हात पुढे केला. मी लाल भरल्या, चार. सुळकन गेल्या, मीच खूश झाले. मग म्हणाली, आता हिरव्या. मी पहिली हिरवी उचलली, तिचा अंगठा दाबला, आणि खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत अशी कळ गेली की बांगडी हातातून सुटून फरशीवर पडली. तिने तुकडे गोळा केले नाहीत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काकू, दुखणं खरं आहे. तुम्ही सोंग करत नाही. पण हातात काही बिघडलेलं नाही. मनात काहीतरी अडकलंय आणि ते हाताला सांगावं लागतंय."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, म्हणजे मी वेडी का? चार वर्षं मी घास तोंडात घालताना रडते, ते मनाचे खेळ? पर्स उचलली आणि निघाले. चप्पलसुद्धा नीट घातली नाही. शेअर रिक्षात बसले, शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली, आणि तिथे, एका बाजूला एक बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन आणि दुसऱ्या बाजूला एक कॉलेजची पोरगी कानात गाणी लावून बसलेली असताना, मला रडू फुटलं. कारण ती बरोबर बोलली होती. मला ते चार वर्षं माहीत होतं.

आता सुदेशचं सांगते.

त्या रविवारी त्याने रसिकाला घेऊन आंबिवलीला जायचं कबूल केलं होतं. ऐनवेळी म्हणाला, गावच्या जत्रेला जातो, मित्र निघालेत. सकाळी आतल्या खोलीत दोघांचं वाजलं. आमच्या भिंती कुठे जाड आहेत. मी ओट्यापाशी उभी होते, आणि रसिकाचा आवाज मला स्पष्ट आला. ती म्हणाली, "जा मग. आणि परत येऊ नकोस." नवराबायकोच्या भांडणातलं बोलणं. मी यांना तसं पन्नास वेळा म्हटलं असेल. तो गेला. साडेअकराला मुरबाडच्या अलीकडून फोन आला, आणि चार वाजता त्याला घरी आणलं.

कासाराच्या घरात एक रीत आहे, निदान आमच्या घरात आहे. बाईचा नवरा गेला तर तिच्या हातावर काच फोडायची नाही. लोक काय करायचं ते करोत. घरातली वडील कासारीण खोबरेल तेल घेते, हात चोळून मऊ करते आणि एकेक बांगडी अख्खी उतरवते. मग त्या फडक्यात बांधून उल्हास नदीत सोडायच्या. हे गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या तशाच उतरवल्या होत्या. स्वतःचा मुलगा गेलेला, डोळ्यांत टिपूस नाही, आणि हात मात्र इतका हलका की मला तेव्हा रडताना झोप आल्यासारखं वाटलं होतं. ज्या हाताने भरल्या त्याच हाताने उतरवायच्या, असं त्या म्हणायच्या.

रसिकाच्या हातात हिरव्या होत्या. आठच दिवसांपूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाला मीच भरलेल्या. एका हातात सहा, एका हातात सात, कासाराकडची एक जास्त असते. वन्संनी तेलाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. मी वाटी बघितली. रसिका बघितली. आणि माझ्या कानात तिचं सकाळचं वाक्य वाजायला लागलं. मी तिची दोन्ही मनगटं धरली आणि उंबऱ्यावर आपटली. एकदाच. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी वाढल्या नाहीत. मी फोडल्या. मला तिला मारायचं होतं म्हणून फोडल्या.

एक काच तिच्या डाव्या मनगटात घुसली. ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. लहान मूल मार खाल्ल्यावर ज्याने मारलं त्याच्याकडेच बघतं ना, तसं.

माझं पाप एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं की दुःखात माणसाचं भान जातं. पण तेराव्याला वन्सं सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या की आमच्या वहिनीचं काळीज बघा, दुसऱ्या कुणाला पोरीला हात लावू दिला नाही, तेलाने हळूहळू काढत बसून तिचे हाल नाही केले, एका झटक्यात मोकळं केलं. वन्सं भोळ्या आहेत, त्यांना खरंच तसं वाटलं. बायकांनी माना हलवल्या. आणि सगळ्या गेल्यावर रसिका माझ्याजवळ आली, मनगटाला पट्टी बांधलेली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, आई, तुम्ही नसता तर त्या बायकांनी माझं काय केलं असतं.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. उजवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात वर गेला नाही.

तेव्हा सांगायचं राहिलं, मग रोज सांगायचं राहिलं. आणि खोटं कशाला बोलू, एक दुसरीही गोष्ट होती. तिला यंदाच ठाण्याच्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं होतं, वरची जागा, सकाळी साडेसातला हजर व्हायचं. तिने नाही म्हणून कळवलं. कारण मग माझा अंबाडा कोण घालणार. ती नाही म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हात दुखतोय तोवर ही कुठे जात नाही, हे माझ्या मनात आलेलं होतं, आणि मी ते मनातून हाकललंही नव्हतं. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर तिने रोज संध्याकाळी त्या हाताला तेल लावायचं ज्याने तिला मारलं. मधला रस्ता नव्हता.

रिक्षातल्या त्या रडण्यानंतर पंधरा दिवस मी तोंड बंद ठेवलं. हाताचं दुखणं इतकं चढलं की चहाचा कप धरवेना. मग एका शनिवारी संध्याकाळी तेल लावता लावता तिचा फोन वाजला, ठाण्याचाच, जागा अजून भरलेली नव्हती. तिने खांद्याने फोन कानाशी धरला, बोटं माझ्या हातावर चालूच. म्हणाली, नाही मॅडम, नाही जमणार, सासूबाईंचा हात अजून बरा नाही. सहज म्हणाली, कुरकुर नाही काही नाही. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की तेल पुसायच्या आधी मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसले.

रविवारी सकाळी सांगितलं. ती मागे बसून केस विंचरत होती, तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणून जमलं.

"रसिका, त्या दिवशी मी तुला वाचवलं नाही. मी रागाने फोडल्या बांगड्या. तेल समोर होतं. सकाळी तू त्याला बोललीस ते मी ऐकलं होतं, आणि मला तुला मारायचं होतं."

फणी थांबली. खाली कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी त्या मोजल्या, तीन झाल्या. मग ती मागून म्हणाली, "ऐकलं होतं तुम्ही?"

मी म्हटलं, हो.

फणी पुन्हा चालली. तिने केस गुंडाळले, अंबाडा घातला, चार आकडे खोचले, रोजच्यासारखे, एकही टोचला नाही. मग उठली, आत गेली, बॅग भरली आणि दारात चप्पल घालताना म्हणाली की आंबिवलीला जाते. किती दिवस, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठे होता मला.

पहिले दोन दिवस मी तसाच अंबाडा ठेवून झोपले, तिने घातलेला, उशीवर मान वाकडी करून. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध ओतताना लक्षात आलं की पातेलं उजव्या हातात आहे. कळ नाही. मी पातेलं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. नाही. शपथेवर सांगते, मला आनंद झाला नाही. रिकाम्या घरात तो बरा झालेला हात घेऊन मी करू काय?

शिवानीकडे गेले. ती माझ्यावर रागावलेली असेल असं वाटलं होतं, तिने पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं आणि वर तिच्यावरच भडकले, की हात बरा झाला आणि सून गेली, हा कुठला इलाज तुमचा? तिने मला धीर द्यायला गोड गोड काही सांगितलं नाही, हे तिचं मला आवडलं. म्हणाली, सून येईल की नाही हे मला माहीत नाही काकू. चार वर्षं वर न उचललेला खांदा मात्र आखडलाय, त्याला व्यायाम लागेल, तो रोज करा. मग तिने भिंतीवर बोटं चढवत न्यायला शिकवलं. मी घरी येऊन भिंतीवर मुंगीसारखी बोटं चढवत बसायचे. अंबाडा घालायला बघायचे. हात कानापर्यंत जायचा आणि तिथेच अडायचा.

तीनदा मी शहाड स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. आंबिवलीचं तिकीट काढायला कितीसा वेळ. पण मला स्वतःची खोड माहीत आहे. मी जाणार, तिच्या गळ्यात पडून रडणार, आणि माझं रडणं थांबावं म्हणून तिने मला लगेच माफ करायचं. पुन्हा तिनेच माझं करायचं. म्हटलं, नाही, या वेळी नाही.

एक मेसेज आला तिचा, सातव्या दिवशी. गॅसला नंबर लावलाय, मंगळवारी सिलिंडर येईल, पावती फ्रीजवर आहे. बस, एवढंच. तो मी किती वेळा वाचला ते विचारू नका.

अकराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, दुकानात दोन-तीन बायका होत्या. वन्सं एकीला खडे लावलेल्या बांगड्या दाखवत होत्या. मी मान वर केली तर रसिका बाहेरच्या बाकावर बसलेली. गिऱ्हाईक बसतं तिथे, नंबराची वाट बघत. ना आई म्हणाली, ना हसली. पुढच्या बाईचा हात मी कसा भरला ते माझं मला ठाऊक.

तिचा नंबर आला. ती समोर येऊन बसली, डाव्या हातातलं घड्याळ सोडलं आणि गल्ल्यावर ठेवलं. सुदेश गेल्यापासून ते घड्याळ तिने माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. त्याच्याखाली व्रण होता, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. मी तो पहिल्यांदा बघितला.

"भरा," ती म्हणाली. "हिरव्या."

वन्संचा हात डब्यावर थांबला. वहिनी, हिरव्या, असं त्या हलकेच म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईने पण रसिकाच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. माझा जुना स्वभाव एकदम जागा झाला. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला रंग नाही विचारला, दोन-चार मापाचा डबा काढा. डबा आला.

तिचा हात दोन-चारचा, पण अंगठ्याचं हाड रुंद आहे. लग्नात मीच भरल्या होत्या पहिल्यांदा, तेव्हाच कळलं होतं, या पोरीला घाई चालणार नाही. मी तेलाची वाटी मागितली. काचेच्या बांगडीला तेल लागत नाही खरं तर, मला जमतं तेलावाचून. तरी घेतलं. तिचा हात चोळला, बोटं, तळवा, मनगट, आणि तो व्रण. तिने हात ओढून घेतला नाही.

पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरीला खांद्यात कळ आली, लहानशी. मी थांबले. रसिकाला कळलं, लगेच कळलं, चार वर्षं तो हात तिच्या मांडीवर होता.

"दुखतोय?"

"थोडासा."

"मग सावकाश भरा. मला घाई नाही."

मी सावकाश भरल्या. आणि मी भरत असताना ती बोलली, खाली बघून, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात. म्हणाली की ते वाक्य कुणी ऐकलं नाही असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं. मी तिला मांडीवर घेतलं, पोरी पोरी म्हटलं, आणि तिला वाटायचं, यांना कळलं तर या मला दारात उभं करणार नाहीत. म्हणून तेल. म्हणून अंबाडा. "तुमचा हात चोळताना मला वाटायचं, मी त्याला घालवलं, निदान या हाताची एवढी तरी सेवा माझ्याकडून व्हावी."

माझ्याने बांगडी धरवेना. मी म्हटलं, तू नाही गं घालवलंस त्याला. हे मी कुणाला पहिल्यांदाच म्हणत होते, आणि म्हणताना मला कळलं की मला ते खरंच वाटतंय. तो जत्रेला गेला, ट्रक आडवा आला. बायकोच्या बोलण्याने माणसं मरायची असती तर आमचं जुन्नर कधीच ओस पडलं असतं. हे ऐकून ती हसली की रडली, मला सांगता येणार नाही. नाक मात्र तिने ओढणीला पुसलं.

आणि मग ती म्हणाली, "मी तुम्हाला अजून माफ नाही केलेलं."

मी म्हटलं, नको करूस. भरून तर घे.

डाव्या हातात सहा, उजव्यात सहा. मग मी डब्यातून आणखी एक काढली, आमच्याकडची, आणि तिच्याकडे बघितलं, घालू का म्हणून. तिने डावा हात पुढे केला. ती सातवी त्या व्रणाच्या वर जाऊन बसली.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला नमस्कार करते, रीत आहे. रसिका वाकली नाही. वाकली असती तर मी तिला धरलंच असतं. तिने घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिली. म्हणाली की ठाण्याला हो म्हणून कळवलंय, सोमवारपासून, सकाळी सहाची गाडी पकडावी लागेल.

"आणि राहायला?" मी विचारलं.

"राहायला शहाडलाच. बॅग घरी ठेवूनच आलेय." मग तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं काही हललं. "पण अंबाडा तुमचा तुम्ही घालायचा. आत्ता वाकडा आहे."

मी हात वर नेला. उजवा. कानापर्यंत गेला, अडला, आणि पुढे गेला. अंबाडा खरंच वाकडा होता, डावीकडे घसरलेला, अर्धे आकडे लोंबत होते. तिने तो सरळ करायला हात पुढे केला नाही. ती नुसती उभी राहिली, हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात पर्सवर ठेवून, माझा अंबाडा घालून होईपर्यंत.